बटण

लियेपाया. वारा इथंच जन्मतो, म्हणतात.
माझ्या खिडकीची एक काच
नोव्हेंबर ते मार्च थरथरत असते
आणि मी आत बसून मुलांना
फुंकायला शिकवते.
पीस. कापसाचा बोळा. केफिरात बुडवलेली नळी.
सव्वीस वर्षं हेच.

टालिस आला तेव्हा चार वर्षांचा.
आ वासलेला. खालचा ओठ ओला,
गळ्याशी दिवसातला तिसरा रुमाल.
बाप आयर्लंडात, मशरूमच्या शेडमध्ये.
आई, वेल्गा, मासे डब्यात भरायच्या कारखान्यातून
थेट यायची. हाताला धुराचा वास,
आल्या आल्या त्याचीच माफी मागायची.

“हा मला हाक मारत नाही,” म्हणाली.
“दिवसभर बब्बा, बब्बा.
आमच्यात कुणी बब्बा नाही.”

मी वहीत लिहिलं: ओठ सैल.
जीभ खाली पडलेली, टाळूला लागत नाही.
पाव चावत नाही, भिजवून गिळतो.
मग कोटाचं मोठं बटण घेतलं, दोरा ओवला.
दातांपुढे, ओठांआड ठेव.
मी ओढीन, तू सोडू नको.

तो सोडायचा.
चार मोजेपर्यंत धरायचा, डोळे मोठे करून,
आणि सोडायचा.
मी बटण पुसून पुन्हा द्यायचे.
ख्रिसमसच्या आधी लिहिलं: हट्टी.
(नंतर खोडलं. पण पेनानं लिहिलेलं
खोडलं तरी वाचता येतं.)

फेब्रुवारीत एकदा वेल्गाची शिफ्ट लांबली.
टालिस माझ्या सतरंजीवरच झोपला,
मान मागे टाकून,
कुणी हनुवटी धरून ओढतंय तशी.
घोरणं मी ओळखते,
बोटीवरच्या म्हाताऱ्यांचं असतं तसं.
मग तेही थांबलं.
फक्त काच थरथरत होती.
सहा. सात.
आठाला गचका देऊन तो वर आला,
पाण्यातून यावं तसा.

हातआरसा त्याच्या नाकाखाली धरला.
डावीकडे काही नाही.
उजवीकडे मसुरीच्या डाळीएवढं धुकं,
आलं आणि गेलं.

नाकानं कांदे सोलणारी बाई मी,
भिंतीवर सर्टिफिकेटं,
पोराच्या नाकाकडे पाहिलं नव्हतं.
जे तोंड मी सैल म्हणून लिहिलं
ते कामावर होतं.
दिवसपाळी, रातपाळी, एकटंच.
आणि मी म्हणत होते, बटण धर.
चार मोजेपर्यंत त्यानं धरलं होतं,
श्वास सोडून. माझ्यासाठी.

रीगाला नेलं. नाकामागच्या गाठी काढल्या.
मला वाटलं, आता ओठ आपसूक मिटतील.
कुठले!
वाट मोकळी झाली हे जिभेला
कुणी कळवलंच नव्हतं.
मग टाळूवर मधाचं बोट, जिभेनं चाटायला.
राईच्या पावाची कड, दाढेखाली, एका बाजूला,
मग दुसऱ्या.
कंटाळा. थुंकणं. पुन्हा कड.
बटण मात्र मी खणात ठेवलं,
तो स्वतः मागेपर्यंत.

एप्रिलात, निघताना, बूट घालायची झटापट.
वेल्गा कोटाच्या चेनशी भांडत होती.
मागून आवाज आला, वैतागलेला:
“मम्मा.”

म मध्ये असतं तरी काय?
ओठ मिटलेले, हवा नाकातून.
नाक बंद असेल तर तोच म
ब होऊन बाहेर पडतो.
चिमटीत नाक धरून तुम्हीही म्हणून पाहा.

वेल्गानं माझ्याकडे पाहिलं.
“म्हणजे ते बब्बा…”
“हो,” मी म्हटलं. “पहिल्यापासून.”
ती तिथंच पायरीवर बसली, कोट अर्धा अंगात,
धुराचे हात तोंडावर.

त्याला थांबायला वेळ नव्हता.
बुटात काहीतरी गोळा झालं होतं.
“मम्मा,” तो म्हणाला,
“मोजा.”